मेश वायफाय घ्या, पण आधी जुन्या डब्याचं काम ठरवा



"आतल्या खोलीत रेंज येत नाही, मुलीचा अभ्यासाचा व्हिडिओ अडकतो, मेश बसवू का?" हा प्रश्न हल्ली बरेच पालक विचारतात. माझे मत असे आहे की गरज असेल तर जरूर बसवा. पण घरात आधीपासून असलेल्या मोडेम-राउटरचं काय करायचं, ते आधी ठरवा. ते न ठरवता नवे डबे लावले तर पैसे जातात आणि मुलांसाठी केलेले नियमही कागदावरच राहतात.

आधी तपासणी करा. जुन्या डब्याजवळ बसून इंटरनेटचा वेग पाहा. तिथेच वेग कमी असेल तर मेशने काही होणार नाही, इंटरनेट देणाऱ्याकडे तक्रार करा. डब्याजवळ वेग चांगला आणि आतल्या खोलीत खराब असेल, तर अडचण भिंतींची आहे. डबा टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटाजवळ असेल तर मोकळ्या, उंच जागी ठेवून बघा. (फायबरची वायर मात्र ओढू नका, मुडपू नका.) तेवढ्यावर भागलं तर खर्च वाचला!

नाहीच भागलं तर मेश. यात एक डबा दुसऱ्याला सिग्नल देतो आणि दुसरा पुढे पोहोचवतो. मधल्या बाकावरच्या मुलालाच नीट ऐकू आलं नाही, तर तो मागच्या बाकावरच्याला काय सांगणार? म्हणून दुसरा डबा रेंज नसलेल्या खोलीत नको, वाटेत मध्यावर ठेवा. दोन डबे लॅन केबलने जोडता आले तर सर्वात उत्तम.

आता मुख्य मुद्दा. कंपनीने दिलेला जुना डबा बहुतेक वेळा दोन कामे करतो. बाहेरचं इंटरनेट घरात आणणं हे मोडेमचं काम आणि ते घरातल्या सगळ्या मोबाइल-लॅपटॉपना वाटून देणं हे राउटरचं. मेशचा मुख्य डबाही हेच दुसरं काम करतो. एका वर्गाला दोन वर्गशिक्षक नेमले तर हजेरी कोणी घ्यायची? इथेही तसंच होतं. कधी प्रिंटर सापडत नाही, कधी ऑनलाइन गेम जोडला जात नाही.

यावर दोन मार्ग आहेत :

१) जुना डबा ब्रिज मोडवर टाकणे. मग तो फक्त मोडेम राहतो आणि वाटप मेश करतं. यासाठी बऱ्याचदा इंटरनेट देणाऱ्याला फोन करावा लागतो आणि त्यांच्याकडून जोडणीचं युजरनेम-पासवर्ड घ्यावं लागतं. ते हातात नसताना रिसेटचं बटण दाबू नका.

२) मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकणे. हे सोपे आहे. पण अशा वेळी मेशच्या ॲपमधल्या मुलांसाठीच्या वेळमर्यादा अनेकदा चालत नाहीत. त्या जुन्या डब्यात घालाव्या लागतात.

घरात लहान मुलं असतील आणि कंपनी करून देत असेल, तर मी पहिला मार्ग सुचवेन. नियम एकाच जागी राहतात.

कोणताही मार्ग घ्या, जुन्या डब्याचं वायफाय बंद झालं की नाही ते स्वतः तपासा. बरेच जण मेशच्या ॲपमध्ये रात्री नऊची मर्यादा घालतात आणि निर्धास्त होतात. पण जुनं वायफाय चालूच असतं, त्याचा पासवर्ड मुलाच्या मोबाइलमध्ये आधीच असतो. नऊ वाजता नवं बंद, नऊ वाजून एक मिनिटाने जुनं सुरू! यात मुलाची लबाडी शोधू नका, दार आपणच उघडं ठेवलेलं असतं. डब्याच्या सेटिंगचा पासवर्डही बहुधा खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. तो बदला.

आणि हो, मोबाइल डेटावर यातला एकही नियम लागू होत नाही. तिथे मुलाशी बोलूनच वेळ ठरवावी लागते. खरं तर हे बोलणं मेश बसवण्याच्या आधीच व्हायला हवं. नियम का आहे हे मुलाला समजलं असेल, तर डब्यावरचं ओझं निम्मं कमी होतं.