नवख्या घोड्यांच्या शर्यतीतला फेव्हरिट

एकदाही न धावलेल्या घोड्यांच्या शर्यतीत फेव्हरिटवर, म्हणजे सर्वांत कमी भावाच्या घोड्यावर, पैसे लावावेत, हे रेसकोर्सवरचे जुने मत आहे. त्यामागची मांडणी अशी : जुन्या घोड्याच्या मागच्या धावा रेसबुकात सर्वांसमोर असतात, म्हणून त्याच्या भावात कुणालाच काही नवे सापडत नाही. नवख्या घोड्याचे पाणी मात्र फक्त तबेल्याला ठाऊक असते. तबेल्याचा पैसा बाजारात उतरला की भाव पडतो. तेव्हा ज्याचा भाव पडला तोच खरा घोडा.

माळव्यातल्या मराठी मंडळींत या मताला पारखीचाही टेकू मिळतो. धार आणि देवासचे पवार मराठा घोडदळाबरोबर माळव्यात आले आणि तिथेच राज्य करून राहिले. त्याआधी धार ही राजा भोजाची राजधानी होती, आणि भोजाच्या नावावर घोड्यांविषयीचा ‘शालिहोत्र’ हा संस्कृत ग्रंथही आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तो १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. वर्ण, अंगावरचे भोवरे, दात, चाल पाहून जनावर ओळखण्याची एवढी जुनी विद्या असताना न धावलेला घोडा ओळखता येणार नाही असे कसे म्हणावे, असा हा युक्तिवाद.

या युक्तिवादांना उत्तर देताना पारखीपासूनच सुरुवात करता येईल. अश्वपरीक्षा होती ती घोडा विकत घेण्यासाठी आणि वर्षानुवर्षे वापरण्यासाठी. स्वार धडधाकट राहील का, जनावर बुजेल का, लांबच्या मजलेला टिकेल का, हे तिचे प्रश्न. शर्यतीचा प्रश्न वेगळा आहे : या दहा घोड्यांपैकी हजार-बाराशे मीटर आज सर्वांत आधी कोण कापेल? एकच घोडा निरखून याचे उत्तर मिळत नाही. कपाळावरचा भोवरा तर त्याबाबत काहीच सांगत नाही, हे वेगळे लिहायलाही नको. आजच्या काळात वंशावळ, घड्याळ आणि पशुवैद्य हाताशी असूनही पारख किती फसते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. ‘द ग्रीन मंकी’ हे शिंगरू लिलावापूर्वीच्या दौडीत सुमारे २०० मीटर ९.८ सेकंदांत पळाले आणि २००६ मध्ये १ कोटी ६० लाख डॉलरना विकले गेले. २००७ मध्ये पहिल्या शर्यतीत ते तिसरे आले. एकंदर तीन शर्यती धावून एकही न जिंकता त्याची कारकीर्द संपली.

तबेल्याच्या माहितीचे म्हणणे अधिक वजनदार आहे. ते पूर्ण खोटेही नाही. पण ही माहिती म्हणतात तितकी गुप्त नसते. भारतात सकाळच्या कसरतीच्या वेळा आणि मॉक रेसचे, म्हणजे सरावाच्या शर्यतींचे, निकाल छापले जातात, त्यामुळे ते पाहणारे डोळे पुष्कळ असतात. शिवाय ट्रेनरला आपला घोडा माहीत असतो, समोरचे नऊ नव्हे. तेही पहिल्यांदाच धावणारे असल्याने त्याचा अंदाज अर्ध्या अंधारातला. भाव पडायला तबेल्याचाच पैसा लागतो असेही नाही. नामवंत बाप, मोठा मालक, आघाडीचा जॉकी एवढ्यावरही गर्दी पैसे लावते. आणि भाव पडला म्हणून आणखी पैसे येतात ते निराळेच. या पैशावर कुणाचे नाव लिहिलेले नसते. पडलेल्या भावातला किती हिस्सा माहितीचा आणि किती देखादेखीचा, हे बाहेरच्याला वेगळे काढता येत नाही.

त्यात पहिल्या धावेची स्वतःची अनिश्चितता मिळते. स्टार्टिंग गेट, गर्दीचा गलका, तोंडावर उडणारी माती हे सगळे एकत्र आणि खऱ्या वेगात घोडा प्रथमच अनुभवतो. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेचे तिन्ही मोठे किताब जिंकणारा सेक्रेटॅरिएट ४ जुलै १९७२ रोजी पहिल्यांदा धावला तो फेव्हरिट म्हणूनच. सुटताच त्याला जोराची धडक बसली आणि तो चौथा आला. घोड्याची पारख बरोबर होती, पैसे मात्र गेले. उलट बाजूने फ्रँकेल या घोड्याचे नाव घेता येईल : ऑगस्ट २०१० मध्ये न्यूमार्केटला तो फेव्हरिट म्हणून पहिल्यांदा उतरला आणि जिंकला. अशी एकेकटी उदाहरणे दोन्ही बाजूंना सापडतात. निकाल हिशेबानेच लागतो.

समजा, फेव्हरिटचा भाव शंभराला सव्वाशे आहे, म्हणजे जिंकल्यास मुद्दल धरून २२५ रुपये परत. असा घोडा शंभरात ४० वेळा जिंकतो असे उदारपणे धरू. शंभर शर्यतींत १०,००० रुपये लागतात, परत येतात ९,०००. चाळीस वेळा बरोबर ठरूनही हजार रुपये गेले, कारण या भावात तोटा टाळायलाच ४५ विजय लागतात. बुकीचा नफा किंवा टोटची (रेसकोर्सवरच्या सामूहिक पैजेची) कपात भावातच बसवलेली असते. त्यावर कर आहे. घोड्यांच्या शर्यतीवरील पैजांना १ जुलै २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. आणि तो नफ्यावर नसून पैजेच्या पूर्ण रकमेवर आहे. हा कर खेळणाऱ्याने वरून भरला तर वरच्याच उदाहरणात खर्च १४,००० होतो आणि बरोबरीसाठी शंभरात ६३ विजय लागतात. नवख्यांच्या शर्यतीत इतकी खात्री कोणत्या तबेल्याला असते?

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, याचाही दाखला दिला जातो. तो निर्णय कायद्यापुरता आहे. कौशल्य लागते म्हणजे फेव्हरिटवर नफा होतो, असे त्यातून निघत नाही.

मग मान्य काय करायचे? फेव्हरिट इतर कोणत्याही घोड्यापेक्षा जास्त वेळा जिंकतो, हे खरे. मोठ्या भावाच्या घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर कमी, हे संशोधक ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये अमेरिकी शर्यतींच्या आकड्यांवरून दाखवले. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांतही तसेच आढळले. म्हणजे फेव्हरिटवर रुपयामागे नुकसान कमी होते. कमी नुकसानीला नफा म्हणण्यातच या मताची सारी गफलत आहे.

पहिल्या धावेचा खरा उपयोग पाहण्यासाठी आहे. घोडा गेटमधून कसा सुटला, गर्दीत बुजला का, जॉकीने चाबूक न उगारता शेवटी तो पुढे सरकत होता का, हे त्या मिनिटभरात दिसते आणि दुसऱ्या धावेला कामी येते. चौथा आलेला सेक्रेटॅरिएट अकरा दिवसांनी सहा लांबीने जिंकला. भोजाच्या परंपरेतही चाल पाहिल्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही. तिचा आधार घ्यायचा तर तो थांबून पाहण्यासाठी घ्यावा.

धार किंवा देवासमध्ये आज परवानाधारक रेसकोर्स नाही. मुंबई-पुण्याच्या शर्यतीवर तिथून फोनवरच्या बुकीकडे पैसे लावणाऱ्याला पॅडॉकही दिसत नाही, घोड्याची चालही नाही. त्याच्या हाती फक्त बुकीने सांगितलेला भाव असतो आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नसते. त्याने तरी नवख्या घोड्याची पहिली शर्यत सोडूनच द्यावी.