म्हणे लॅपटॉप म्हातारा झाला!

2025 च्या दिवाळीत साताऱ्याला मामाकडे गेलो होतो. फराळ आटोपल्यावर मामाने हळूच विषय काढला. "अरे, पोरीला नवीन लॅपटॉप घ्यायचाय. पन्नास हजारात कुठला येईल? दुकानदार हप्ते करून देतो म्हणतोय."

मामा एसटीत कंडक्टर. मामेबहीण डिप्लोमा करून नुकतीच इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलीये. मी विचारलं, जुन्याला काय झालं? जुना म्हणजे माझाच, 2016 साली फर्स्ट इयरला घेतलेला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. नोकरी लागल्यावर तिला दिला होता.

"तो म्हातारा झाला रे. चालू करून चहा टाकला तर चहा पिऊन होतो, याचं गोल गोल चालूच. दुकानात दाखवला, तर मॉडेल आऊटडेटेड आहे, पैसे घालू नका म्हणाले."

मी टास्क मॅनेजर उघडला (तो उघडेपर्यंत दोन चकल्या झाल्या). सीपीयू 8 टक्के, रॅम निम्मी रिकामी आणि डिस्क 100 टक्के! म्हणजे म्हातारा बितारा काही नाही, गडी नुसता रांगेत उभा होता.

ज्यांना माहितेय त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. त्या लॅपटॉपात 5400 आरपीएमची हार्ड डिस्क होती. म्हणजे सेकंदाला 90 फेरे, एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. हवा तो डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, आणि त्याआधी हेड योग्य जागी सरकायला साधारण दहा-बारा मिलिसेकंद. हिशोब केलात तर इकडचा-तिकडचा डेटा असा सेकंदाला साठ-सत्तर वेळाच उचलता येतो. विंडोज सुरू होताना लहान लहान फायली हजारोंनी मागते. प्रोसेसर बिचारा काय करणार? एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. जाहिरातीत 500 एमबी प्रति सेकंद वगैरे लिहितात ते सोडा, खरी गंमत ह्या थांबण्यात आहे.

आता मुद्द्याचं. दुकानदाराचा मला फारसा राग नाही, त्याला माल खपवायचाय. राग आला तो स्वतःचा. कारण दीड वर्षापूर्वी हीच बहीण फोनवर म्हणाली होती, "दादा, लॅपटॉप खूप स्लो झालाय." आणि मी स्टँडअप कॉलच्या घाईत काय म्हणालो? "जुना झाला गं, घे ना नवीन!"

मंडळी, हे 'घे ना नवीन' आपण किती सहज म्हणतो! आपल्याला कंपनी दर तीन-चार वर्षांनी नवा लॅपटॉप हातात ठेवते, फुकट. त्याच्यावर बसून आपण सॉफ्टवेअर लिहितो, त्याच्यावरच तपासतो आणि 'माझ्याकडे तर फास्ट चालतंय' म्हणून तिकीट बंद करतो. साधं चॅटचं अ‍ॅप, पण एलेक्ट्रॉनमुळे प्रत्येक अ‍ॅप स्वतःचा अख्खा ब्राउझर पोटात घेऊन फिरतं. मशीन जड केलं आपण, हप्ते भरायचे कंडक्टरने. आणि उपाय माहीत असलेले लोकही आपणच! मित्राला सांगितलं तर म्हणाला, "2016 चा? केळकर म्युझियमला दे." हसलो, पण डोक्यात गेलं.

बरं, एसएसडी म्हणजे संजीवनी नव्हे. व्हिडिओ एडिटिंग, मोठे गेम्स, ते विसरा. बिजागरी तुटली असेल, मदरबोर्ड गेला असेल तर खरंच नवा घ्या. आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट नेमका त्या दिवाळीच्या आठवडाभर आधी, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला होता. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 लागतं. म्हणजे चालू शकणारं मशीन निव्वळ यादीत नाव नाही म्हणून बाद. ही तर आणखीनच मोठी चीड! मी सरळ लिनक्स मिंट टाकलं. सी, पायथन, ब्राउझर, ऑफिसच्या फायली... तिला एवढंच लागतं.

आणि हे सगळं जमलं कशामुळे? तो लॅपटॉप साध्या स्क्रू ड्रायव्हरने उघडतो म्हणून. अ‍ॅपलने 2008 च्या मॅकबुक एअरमध्ये रॅम बोर्डावर चिकटवली, 2016 च्या टच बारवाल्या मॅकबुक प्रोमध्ये स्टोरेजही. सडपातळपणाच्या नावाखाली बाकीच्यांनीही रॅमच्या बाबतीत तोच कित्ता गिरवला. तेव्हा आता नवा घेणार असाल तर 'बारीक किती' याआधी 'उघडतो का' हे विचारा.

असो. पुढच्या शनिवारी 480 जीबीचा साटा ड्राइव्ह घेऊन परत साताऱ्याला गेलो. तीन हजारांच्या आतबाहेर पडला. आधी तिच्या फायली पेन ड्राइव्हवर काढल्या (हे विसरू नका, रडाल), बॅटरीची वायर सोडवली, जुनी डिस्क काढली, नवी बसवली. अर्धा तास गेला, त्यातली दहा मिनिटं सोफ्याखाली गेलेला एक स्क्रू शोधण्यात. मग मिंट टाकलं. बटण दाबल्यापासून वीसेक सेकंदांत लॉगिन आलं. जुनी डिस्क केसमध्ये घालून तिलाच बॅकअपला दिली.

मामा मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "एवढंच होतं, तर मागंच का नाही सांगितलंस?"

बॅटरी पाऊण तास टिकतेय, ती पुढच्या महिन्यात बदलतो म्हटलं.