माती काय म्हणते?

गणपती जवळ आले की नाशिकरोडला दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. "मूर्ती केवढी आणायची?" आणि "शाडूची की पीओपीची?" माझ्या मते दोन्हींचं उत्तर माती केव्हाच देऊन बसली आहे.

शाडूची मूर्ती नीट बघा. मांडी घातलेली, हात अंगालगत, सोंड पोटावर टेकलेली. ही नुसती परंपरा नाही, ती मातीची अट आहे. ओली माती स्वतःचं वजन फार पेलत नाही, वाळताना आकसते, लांबवलेला हात तडकतो. म्हणून मूर्तिकार तिच्या कलानं घेतो. प्लास्टरला असा कलच नाही! साच्यात ओतलं की काही मिनिटांत घट्ट. आतून पोकळ, वजनाला हलकं. मग मूर्ती हवी तेवढी उंच करा, हवी तशी वाकवा. पाण्यात मात्र ती विरघळत नाही.

आपल्या नाशिकरोड कारागृहातले बंदी शाडूचे गणपती घडवतात, ते विक्रीलाही असतात. कोंडलेल्या हातांनी घडवलेली मूर्ती काही दिवसांनी पाण्यात मोकळी होते... मला हे फार भावतं.

पण शाडू आणला की सगळं पुण्य पदरात, असंही नाही हं. ही माती बरीचशी गुजरातेतून खणून येते. ती वालदेवीत नाहीतर दारणेत सोडली की तळाशी गाळच साचणार. हल्ली बिया घातलेल्या मूर्तीही मिळतात. कल्पना छान, पण रोप उगवल्यावर त्याला पाणी कोण घालणार?

त्यापेक्षा सोपा मार्ग आहे. मूर्ती वीतभर, रंग कमीत कमी, विसर्जन घरच्या बादलीत. शाडू भाजलेला नसतो, त्यामुळे खाली बसलेला गाळ वाळवून पुन्हा मळता येतो. पुण्यात 'पुनरावर्तन' मोहिमेत अशी माती गोळा करून मूर्तिकारांना परत देतात. आपल्याकडेही गल्लीगल्लीत एकेक पिंप ठेवायला काय हरकत आहे?

२०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं त्या घडवायला पुन्हा वाट मोकळी केली. नियम असे बदलत राहणार. निवड शेवटी आपल्या देवघरातच व्हायची आहे.

"पुढच्या वर्षी लवकर या" असं आपण दरवर्षी म्हणतो. तीच माती परत आली, तर ते म्हणणं खरं होईल. बघा पटतंय का!