धानावरची विमाने

राजधानीच्या विमानतळावर जाऊन जो वाट चुकला नाही, तो एक तर मंत्री असावा, नाही तर थापाड्या. मी दोन्ही नाही. त्यामुळे २०२४ च्या जानेवारीत दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर मी चांगला दोनदा चुकलो, आणि तोही आईदेखत!

वडील गेले, शेत मक्त्याने दिले, आणि माझ्या गोंदियाच्या दोन खोल्यांत आईचा जीव रमेना. धाकटा म्हणाला, “दादा, आईला माझ्याकडे आण.” मी ‘हो’ म्हटले. ते किती चटकन म्हटले, हे आठवले की आजही ओशाळल्यासारखे होते.

आमचे शेत कामठ्याजवळ. शेजारीच बिरसीची धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली. पुढे तेथे वैमानिक घडवणारी संस्था आली आणि शिकाऊ विमाने दिवसभर आमच्या धानावर घिरट्या घालू लागली. रोवणी करता करता आई मान वर करी व म्हणे, “आलं बाप्पा पोरगं!” १३ मार्च २०२२ रोजी बिरसीहून प्रवासी विमान सुटले, काही महिन्यांत बंद पडले, आणि १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबाद-तिरुपतीसाठी दुसरे सुरू झाले. पण आमची वाट दिल्लीची! तेव्हा रेल्वेने नागपूर आणि तेथून विमान. आईच्या मांडीवर पायलीभर चिन्नोरची पिशवी.

वर्षाला सात कोटींहून अधिक माणसे ज्या दारांतून जातात, तेथे एका म्हातारीची काय कथा? धुक्याने विमान उशिरा उतरले. धाकटाही वाटेत अडकला. त्या झगमगाटात आई बाकावर अंग चोरून बसली. म्हणाली, “बाबू, इथं मी मेली तरी कोणाला समजनार नाही.” मला उत्तर सुचेना. मराठीचा प्राध्यापक, पण शब्द सापडेना!

तेवढ्यात शेजारी बसलेल्या गणवेशातल्या तरुणाने हिंदीत विचारले, “कुठून आलात?” गोंदिया म्हणताच तो उठून उभाच राहिला. “मी तिथेच शिकलो! बिरसीला!”

आईने त्याला नखशिखान्त न्याहाळले. “म्हंजे आमच्या धानावरून घरघर करत जानारा तूच का रे?”

भाषा त्याला कितपत कळली कोण जाणे. पण तो वाकला आणि आईच्या पाया पडला. धुके निवळेपर्यंत दोघे बोलत बसली. पहिल्यांदा एकट्याने विमान उडवले तेव्हा खाली हिरवे चौकोन दिसत होते आणि पाय लटपटत होते, असे तो सांगत होता. “माझे पाय आज लटपटून राहिले,” आई म्हणाली, आणि मूठभर चिन्नोर रुमालात बांधून तिने त्याच्या हातात दिले.

एवढ्या मोठ्या विमानतळाचा धागा आमच्या बांधापाशी येऊन पोचतो, हे पुस्तके वाचून मला कधी कळले नसते.

परवा आईचा फोन आला. “इथं विमानं लई हायेत, पन एकही ओळख देत नाही. तिकडं उडतात का रे?”

मी अंगणात आलो. वर पाहिले.

“उडतात, आई,” मी म्हणालो, “आताच एक गेलं.”