पार्किंगची पावती



माणच्या बैठकीला गेल्या महिन्यात एक जण उशिरा आली आणि आल्या आल्या तिने पर्समधून चिटोऱ्यांची एक गड्डी काढून सतरंजीवर टाकली. हॉस्पिटलच्या पार्किंगच्या पावत्या. तिच्या सासूबाईंचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस असते. ती फेज थ्रीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काम करते. सकाळची पाळी उरकायची, सासूबाईंना स्कूटीवर मागे बसवायचे, चार-साडेचार तास बाकड्यावर थांबायचे आणि परत आणायचे. दुचाकीला पहिल्या दोन तासांचे वीस रुपये, पुढे प्रत्येक तासाला दहा. एका खेपेचे पन्नास झाले. महिन्याच्या तेरा खेपा धरल्या तर साडेसहाशे. मधे औषध आणायला गाडी बाहेर काढली की नवी पावती, नवे वीस. त्या दिवशी एक पावती हरवली, तर दोनशे रुपये ‘दंड’. डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून फुकट होते, आणि फाटकावर मात्र महिन्याला साडेसहाशे मोजायचे!

‘भांडली नाहीस?’ कुणीतरी विचारले.

‘आत सासूबाई, बाहेर मी. भांडू कुणाच्या जिवावर?’

यावर बैठकीत कुणी काही बोलले नाही. मग एकेकीने आपापले सांगायला सुरुवात केली. बाळंतपणाला सुनेला नेले तेव्हाचे, नवऱ्याला हार्ट अटॅक आला तेव्हाचे. रिक्षाने गेले तर एका वेळचे दोनशे-तीनशे, बसने गेले तर डायलिसिस झालेल्या म्हातारीला उभे कसे ठेवायचे? म्हणून गाडी. आणि गाडी चालवणारी, थांबणारी, डबा नेणारी बहुतेक घरांत बाईच. घरी हिशेब देतानाही तीच. ‘वीस रुपयांसाठी कशाला तोंड वाजवतेस’ हे वाक्य त्या दिवशी निदान चौघींनी आपापल्या नवऱ्याच्या तोंडचे म्हणून सांगितले.

मॉलमध्ये पैसे जास्त वाटले तर आपण पाठ फिरवतो. हॉस्पिटलच्या दारातून कोण पाठ फिरवणार? आपले माणूस आत असताना आपण घासाघीस करणार नाही, हे ठेकेदाराला पक्के ठाऊक असते आणि त्याचा धंदा त्यावर चालतो. कित्येकींना तर वाटते, इथे आवाज चढवला तर आत सलाईन लावायला उशीर होईल. ही भीती खरी की खोटी, हा वाद मी घालत नाही. ती असते, एवढे पुरे.

आता कायद्याचे. हॉस्पिटलने पार्किंगचे पैसे घेऊच नयेत असे थेट म्हणणारा कायदा माझ्या हाती नाही. उगीच कुणाला चढवून द्यायचे नाही. पण धरायला जागा पुष्कळ आहेत. इमारतीला परवानगी मिळते तेव्हा ठरावीक पार्किंग दाखवावेच लागते आणि ती जागा चटई क्षेत्रात धरली जात नाही. याच मुद्द्यावरून २०१९ साली पुणे महापालिकेने मॉल आणि मल्टिप्लेक्सना पैसे घेण्यास मनाई केली. (अंमलबजावणीचे काय झाले ते पुणेकर जाणतातच.) त्याच वर्षी जुलैमध्ये गुजरात उच्च न्यायालयानेही मॉलवाल्यांना सांगितले की, पार्किंग देणे तुमच्यावर बंधनकारक आहे, त्याचे पैसे घेता येणार नाहीत. हे दोन्ही निर्णय मॉलबद्दलचे आहेत, हे विसरू नये. पण मॉलच्या फाटकाला जो प्रश्न विचारता येतो तो हॉस्पिटलच्या फाटकाला का नाही? आपण माणकर महापालिकेच्या हद्दीत नाही. इथले नकाशे पीएमआरडीए किंवा एमआयडीसीकडे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला की त्या हॉस्पिटलच्या मंजूर नकाशात पार्किंग किती आणि कुणासाठी, हे मागता येते.

आणखी एक. नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून खाजगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावावी लागते. त्या दरपत्रकात खाटेचे भाडे येते, नर्सिंगचे शुल्क येते, प्राणवायूचे येते. पार्किंगचे नाही. ते फाटकावर वेगळ्या पाटीवर, वेगळ्या ठेकेदाराच्या नावाने. हॉस्पिटलला विचारले तर ‘ते आमच्याकडे नाही’. मग ती जागा कुणाची?

‘दंडा’बद्दलही बोलायला हवे. दंड करण्याचा अधिकार सरकारी यंत्रणेला असतो, ठेकेदाराला नाही. पावती हरवली म्हणून त्याचे काही नुकसान झालेच असेल, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाई मागता येते. पाटीवर लिहिलेला आकडा ही केवळ वरची मर्यादा. पावतीच्या मागे ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते, तेही शेवटचे वाक्य समजू नका. एका हॉटेलातून चोरीला गेलेल्या गाडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले की, गाडी ताब्यात घेतल्यावर असे छापून स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटता येत नाही. आणि पैसे घेऊन पावती नाकारणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. क्यूआर कोड पुढे करणाऱ्या मुलाकडेही पावती मागायचीच.

मागायची, पण त्या मुलावर ओरडून नव्हे. बारा-बारा तास उन्हात उभा राहणारा तो बीड-लातूरकडचा पोरगा. हिशेबात कमी पडले तर त्याच्या पगारातून जाते. आमच्यातल्या एकीचा मुलगाच हे काम करून आला आहे. बोलायचे ते व्यवस्थापकाशी, आणि लेखी.

हॉस्पिटलवालेही एक सांगतात आणि ते खोटे नाही: फुकट केले तर आयटीवाले सकाळी गाड्या लावून संध्याकाळी नेतील. यावर उपाय साधा आहे. केसपेपरवर शिक्का मारा आणि रुग्णाची, सोबत्याची गाडी सोडा, बाकीच्यांकडून घ्या. वेल्स आणि स्कॉटलंड यांनी २००८ साली सरकारी रुग्णालयांतले बहुतेक पार्किंग मोफत केले. इंग्लंडमध्ये पैसे घेतात, तरी अपंगांना, वरचेवर यावे लागणाऱ्या रुग्णांना, आजारी मुलाजवळ रात्री थांबणाऱ्या आईबापांना सूट आहे. तिथल्या कुणाला डायलिसिसच्या बाकड्यावर बसलेली बाई दिसली असणार.

तिने एकटीने तक्रार करायची नाही, असे आम्ही ठरवले. अर्जावर अकरा जणींच्या सह्या झाल्या, तिची सही मुद्दाम मधे कुठेतरी. प्रती हॉस्पिटलला, ठेकेदाराला आणि जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या बाबीत तिथे शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि आयोगाच्या परवानगीने एकाच त्रासाच्या अनेक जणींना मिळून एक तक्रार देता येते.

आठ दिवसांनी हॉस्पिटलच्या ऑफिसातून फोन आला: डायलिसिसच्या रुग्णांना पास देऊ. तिला पास मिळाला. कॅन्सरच्या वॉर्डाबाहेर बसणारीला नाही, बाळंतिणीच्या आईला नाही, आणि दोनशे रुपये परत मिळालेले नाहीत. लेखी उत्तरही अजून नाही. म्हणून पावत्या फेकू नका. मागच्या बाजूला तारीख, वेळ आणि कुणासाठी गेलो ते लिहा, आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी भरायचा आहे.