टायरवरचा जीएसटी उतरला, पण आधी टायरची कड बघा

माझ्या गाडीचे कंपनीचे टायर २८ हजार किलोमीटरलाच गुळगुळीत झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. म्हणजे मूळ किंमत ५,००० असेल तर ६,४०० ऐवजी ५,९००. म्हटलं, बदलूनच टाकू.

कोल्हापुरातल्या एका दुकानात स्वस्त जोडी दाखवली. मोबाईलचा टॉर्च मारला, तर कडेवर २८२३. म्हणजे २०२३ चा २८ वा आठवडा, दोन वर्षं पडून असलेला माल! नको म्हटलं.

जुने टायर फक्त आतल्या बाजूने झिजलेले. हा दोष बहुतेक वेळा अलाइनमेंटचा असतो; तो तसाच ठेवला तर नवेही असेच जाणार. खाच १.६ मिमीवर आली की टायर संपला. आंबा घाटातल्या पावसात मी तेवढी वाटही बघत नाही.