विठाबाईची नाळ आणि तुमच्या टाळ्या

दोस्तांनो, विठाबाईची ती गोष्ट शंभरदा ऐकली असेल. दिवस भरलेले, नाचता नाचता कळा सुरू. बाई कनातीमागं गेली, बाळ झालं, नाळ दगडानं ठेचली, पदर खोचून पुन्हा बोर्डावर! व्याख्याते हे सांगतात आणि सभागृह गहिवरतं. केवढी कलानिष्ठा!

निष्ठा? मी गोदीत पोती वाहतो. अंगात ताप असला तरी जातो, कारण नागा झाला की रोजी बुडाली. मला साला कुणी गोदीचा भक्त म्हणत नाही. मग भरल्या पोटाची बाई नाचली की तुम्हाला भक्ती कुठून दिसते? तिच्यामागं ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, बिगारी. सगळ्यांच्या चुली गावाच्या सुपारीवर. खेळ मोडला की चुली विझल्या. ही गोष्ट अभिमानाची नाही, हे आरोपपत्र आहे.

माझी आजी आंबेगाव तालुक्यातली. ती कधी 'नाचणारी आली' म्हणाली नाही. म्हणायची, 'विठाचा फड आलाय.' नीट ऐका, फड विठाचा! आजा नारायण खुडे, बाप भाऊ, चुलता बापू यांची परंपरा हिनं स्वतःच्या नावावर चालवली. गण-गवळणीपासून वगापर्यंत रात्र तिच्या हुकमात. पण पांढरपेशांना दिसली ती फक्त कंबर, नाहीतर कूस.

हे इथंच होतं असं नाही. ब्रिटिश गियानात १९१४ साली जन्मलेला केन जॉन्सन. काळा नर्तक, लंडनमध्ये काळ्या वादकांच्या स्विंग बँडचा म्होरक्या. ८ मार्च १९४१ ला 'कॅफे द पारी'वर जर्मन बॉम्ब पडला, त्यात वयाच्या २६ व्या वर्षी गेला. आख्खा बँड उभा केला त्यानं, आणि जगानं नाव काय ठेवलं? 'स्नेकहिप्स'. सापाच्या कमरेचा! तिथंही कंबरच.

आता नावाचंच बघा. फडाचं नाव 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर'. ज्या शब्दानं गाव दूर बसवायचं, तो शब्द घेऊन बाई गावोगाव बोर्डावर उभी राहिली. सरकारनं २००६ पासून तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला : 'विठाबाई नारायणगावकर'. गाव ठेवलं, मांग गिळला! १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पुरस्कार मिळवणारी ही बाई १५ जानेवारी २००२ ला गेली, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या वर्गणीतून भागवावं लागलं. गौरव मेल्यावर, बिल वर्गणीवर.

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात जत्रांच्या हंगामात अजून फडांच्या राहुट्या लागतात, गावचे पंच येऊन सुपारीची घासाघीस करतात. तिथं जा. फोटो काढायला नको. विचारा : बाई बाळंत झाली तर किती दिवस घरी बसते, आणि तेवढे दिवस तिची चूल कोण पेटवतं?

उत्तर घेऊन या. टाळ्यांचं मग बघू.